अलीला गोळ्यांनी हरवलं का?

पेण-रोह्याकडे कबड्डीचा सामना संपला की हरलेल्या बाजूची पहिली चर्चा तब्येतीची असते. चढाईपटूला दोन दिवस ताप होता, गुडघा आधीच धरला होता, आदल्या रात्री उलट्या झाल्या होत्या. आपल्या माणसावरच्या मायेतून हे बोललं जातं आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण हाच तर्क मुष्टियुद्धाच्या गप्पांत शिरतो तेव्हा त्यातून एक ठाम निकाल तयार होतो: ‘मोहम्मद अलीला लॅरी होम्सनं हरवलंच नाही, थायरॉईडच्या गोळ्यांनी हरवलं.’ पुढे कुणीतरी जोडतो, ‘आणि तेव्हा त्याला पार्किन्सन होताच.’ व्यायामशाळेत, एसटीत, लग्नाच्या मांडवात मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता सविस्तर लिहिणं भाग आहे.

गोळ्यांची गोष्ट खोटी नाही, हे आधीच सांगतो. म्हणूनच तर ती इतकी टिकली. गोळ्या खऱ्या आहेत, त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

लढत झाली 2 ऑक्टोबर 1980 रोजी, लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये. अलीचं वय 38, होम्सचं 30. अली दोन वर्षं एकही लढत खेळला नव्हता. सप्टेंबर 1978 मध्ये लिऑन स्पिंक्सला हरवून तो तिसऱ्यांदा जगज्जेता झाला आणि मग निवृत्त झाला होता. पुनरागमनासाठी त्यानं अडीचशे पौंडांच्या घरात गेलेलं वजन 217½ पौंडांवर आणलं. 1974 मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला लोळवताना तो 216½ पौंडांचा होता. म्हणजे काट्यावर जवळजवळ तोच अली उभा होता. पोट आत गेलेलं, केस काळे केलेले. पाहणाऱ्यांची छाती अभिमानानं फुलली आणि पुढच्या पराभवाचा धक्का म्हणूनच जास्त बसला.

हे वजन उतरलं कसं, ते थॉमस हाउझरनं 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अलीच्या चरित्रात आलं आहे. थायरॉईड ग्रंथी कमी काम करते या संशयावरून एका डॉक्टरनं लढतीच्या सुमारे तीन आठवडे आधी त्याला थायरोलर हे औषध दिलं. अलीनं ते सांगितल्यापेक्षा जास्त घेतलं. थायरॉईडचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झालं की नाडी वाढते, झोप उडते, उकाडा सोसत नाही आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. अशा माणसाला पंधरा फेऱ्यांच्या लढतीत उतरवणं धोक्याचं होतं, यात वाद नाही. पहिल्या फेरीनंतरच आपलं काही खरं नाही हे कळलं, असं अलीनं नंतर सांगितलं. दहा फेऱ्या झाल्यावर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानं लढत थांबवली. तिन्ही पंचांनी दहाच्या दहा फेऱ्या होम्सला दिल्या होत्या.

गोळ्यांचा सिद्धांत मांडणारे इथे थांबतात. मला राग येतो तो या थांबण्याचा, कारण पुढच्या वर्षीची लढत त्यांच्या बोलण्यात कधीच येत नाही. 11 डिसेंबर 1981 रोजी बहामातल्या नासाऊ इथे अली ट्रेव्हर बर्बिकशी लढला. या वेळी वजन उतरवण्याचा आटापिटा नव्हता, तो 236 पौंडांचा होता. त्या लढतीबद्दल गोळ्यांना कुणी दोष दिलेला नाही. तरी दहा फेऱ्यांनंतर पंचांनी एकमतानं बर्बिकला विजयी ठरवलं. बर्बिक हा होम्सच्या तोडीचा मुळीच नव्हता. होम्सशी लढून तो त्याच वर्षी हरला होता.

मागे गेलं तरी तेच दिसतं. 29 सप्टेंबर 1977 रोजी न्यूयॉर्कमध्ये अलीनं अर्नी शेव्हर्सला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं, पण शेव्हर्सचे भयंकर ठोसे खाऊन. त्यानंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हाती प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात मूत्रपिंडाचं काम बिघडल्याचं दिसत होतं. पाचेकोंनी अहवाल अलीकडे आणि त्याच्या जवळच्यांकडे पाठवला, लढणं थांबवा म्हणून सांगितलं. कुणी दाद दिली नाही. पाचेको काम सोडून गेले. थायरोलरची पहिली गोळी पोटात जायच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

त्याचं बोलणंही तेव्हाच जड होऊ लागलं होतं. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या व्हिसार बेरिशा आणि ज्युली लिस यांनी अलीच्या जुन्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण मोजून पाहिलं. 1968 ते 1981 या काळात त्याच्या बोलण्याचा वेग 26 टक्क्यांनी घटला होता. जुलै 1980 मध्ये, होम्सशी लढण्यापूर्वी, अलीची मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. नाकाला बोट लावताना थोडी चूक होते, एका पायावर उड्या मारताना सहजता नाही, अशा नोंदी त्या अहवालात आहेत. तरीही अहवालानं मनाई केली नाही आणि नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगानं लढतीचा परवाना दिला.

मग आजारानंच हरला ना, असं कुणी म्हणेल. पार्किन्सनचं निदान 1984 मध्ये झालं. 1980 मध्ये त्याची सुरुवात झाली असणं शक्य आहे, बोलण्याचे आकडे तसंच सुचवतात. पण वय, दोन वर्षांचा खंड, वीस वर्षांचे ठोसे, मंदावलेली हालचाल, घाईनं उतरवलेलं वजन आणि वर गोळ्या, एवढं सगळं एका शरीरात जमलेलं असताना त्यातली एक गोष्ट उचलून ‘हेच कारण’ म्हणणं म्हणजे दरड कोसळल्यावर शेवटचा दगड दाखवण्यासारखं आहे. गोळ्यांनी त्या रात्रीचा पराभव जास्त केविलवाणा केला असेल. त्या नसत्या तर अली जिंकला असता, याला पुरावा नाही आणि बर्बिकची लढत त्याच्या विरोधात जाते.

या गप्पांत होम्सवर होणारा अन्याय मला सर्वांत जास्त खटकतो. तो अलीचा सरावातला जोडीदार होता, अलीला आतून ओळखत होता. 1978 मध्ये केन नॉर्टनशी पंधरा फेऱ्या झुंजून त्यानं जगज्जेतेपद मिळवलं. अलीसमोर उभा राहिला तेव्हा तो 35 लढतींत अजिंक्य होता. डाव्या हाताचा त्याचा सरळ ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, हेवीवेट गटातल्या सर्वोत्तम जॅबपैकी एक मानला जातो. त्यानंतर 1985 मध्ये मायकेल स्पिंक्सनं हरवेपर्यंत तो एकही लढत हरला नाही. अशा माणसाचा विजय औषधाच्या बाटलीच्या नावावर लिहायचा? आणि गोळ्यांवर सगळं ढकललं की पाचेकोंचा इशारा बाजूला सारणारे, परवाना देणारे, तिकिटं विकणारे, सगळे सुटतात.

पराभवामागे तब्येत होती का, हे तपासताना मी आधी एक गोष्ट विचारतो: तक्रार लढतीआधी कुठे नोंदली होती का? 2015 मध्ये फ्लॉइड मेवेदरकडून हरल्यावर मॅनी पॅकियाओनं खांद्याचं दुखणं सांगितलं. दुखणं खरं होतं, काही दिवसांतच शस्त्रक्रिया झाली. पण आयोगाच्या अर्जात खांद्याला दुखापत आहे का या प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण होती, आणि म्हणून लढतीच्या रात्री त्याला वेदनाशामक इंजेक्शन घेऊ दिलं नाही. आपल्याकडे टोकियो ऑलिंपिकमध्ये विकास कृष्ण पहिल्याच लढतीत जपानच्या ओकाझावाकडून हरला, तेव्हा त्याचा खांदा खरोखरच निकामी होता. परतल्यावर त्याच्या खांद्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. तिथे तब्येतीचं कारण ग्राह्य धरावं लागतं.

अमित पंघाल मात्र टोकियोत आजारी नव्हता. महार रेजिमेंटचा हा जवान अव्वल मानांकन घेऊन गेला, पहिली फेरी त्यानं घेतली आणि नंतर रिओचा रौप्यविजेता कोलंबियाचा मार्टिनेझ वेग वाढवत गेला आणि जिंकला.

माइक टायसन 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून हरला तो आजारपणामुळे नव्हे. सराव अपुरा होता आणि डग्लस आयुष्यातली सर्वोत्तम लढत लढला, तीही आई जाऊन महिनाही झाला नसताना.

‘ठोशांनीच अलीला पार्किन्सन झाला’ हेही सिद्ध मानू नका. मायकेल ओकुन आणि त्यांच्या सहकारी मेंदूतज्ज्ञांनी 2022 मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त लिहिलं की त्याचा आजार कमी वयात सुरू होणाऱ्या नेहमीच्या पार्किन्सनशी जुळतो.

वजनाबद्दलचा एक भ्रमही अजून टिकून आहे: पाणी तोडून वजन उतरवलं की माणूस हलका आणि चपळ होतो, असं तालुक्याच्या स्पर्धांना जाणाऱ्या पोरांना अजून सांगितलं जातं. उतरतं ते पाणी. त्याबरोबर दम जातो आणि डोक्याला बसणारा मार जास्त धोक्याचा होतो.

डोक्याला हेडगार्ड घातलं की मेंदू सुरक्षित, हाही भ्रमच. ते कातडी फाटण्यापासून वाचवतं. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते थांबवू शकत नाही, आणि प्रौढ पुरुषांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ते 2013 मध्येच काढून टाकलं गेलं.