सलोह काँक्रीटचे आयुर्मान

सलोह काँक्रीटचे आयुर्मान : दाब सोसणारे काँक्रीट व ताण सोसणाऱ्या पोलादी सळ्या यांची मिळून बनलेली संरचना मोठ्या दुरुस्तीवाचून जितका काळ सुरक्षितपणे काम देते, त्या कालावधीस तिचे आयुर्मान म्हणतात. काँक्रीटचे सामर्थ्य २८ व्या दिवशी घन दाबून मोजतात. तथापि आयुर्मान बहुधा या आकड्यावर ठरत नाही. ते सळईवरील आच्छादनाची (बांधकामावरच्या बोलीत ‘कव्हर’ची) जाडी व घट्टपणा यांवर ठरते.

काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचे पीएच मूल्य सु. १२.५ ते १३.५ असते. अशा क्षारधर्मी परिसरात सळईवर ऑक्साइडाचा अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आत शिरून कॅल्शियम हायड्रॉक्साइडाचे कार्बोनेट बनवितो, तेव्हा हे मूल्य ९ च्या खाली उतरते व पापुद्रा नाहीसा होतो. मग पाणी व ऑक्सिजन मिळताच सळई गंजू लागते. गंजाचे घनफळ मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक असल्याने आच्छादन आतून फुटते. सळईला समांतर गेलेले तडे ही त्याची खूण होय.

मावळातील लोणावळे, मळवली हा पट्टा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. समुद्र सह्याद्रीपलीकडे असल्याने खाऱ्या वाऱ्याचा उपद्रव येथे नाही. पाऊस मात्र लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिमी.हून अधिक पडतो. छिद्रे पाण्याने भरलेली असताना वायू आत जवळजवळ सरकत नाही. सापेक्ष आर्द्रता ५० ते ७० टक्के असताना कार्बोनेटीभवन सर्वांत वेगाने होते. त्यामुळे पावसाचा थेट मारा खाणाऱ्या भिंतीपेक्षा छज्जाच्या खालच्या कोरड्या अंगाकडून ते अधिक खोल जाते. कोरड्या महिन्यांत ते पुढे सरकते आणि पावसाळ्यात गळक्या गच्चीतून झिरपणारे पाणी गंजास पुरते. घरमालक सारा दोष पावसाला देतो, तो अर्धाच खरा.

के. तूत्ती यांनी १९८२ मध्ये आयुर्मानाचे दोन टप्पे पाडले : गंज सुरू होईपर्यंतचा आणि त्यानंतर हानी वाढण्याचा. पहिल्या टप्प्यासाठी सोपे प्रतिरूप असे, की कार्बोनेटीभवनाची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, दहा वर्षांच्या इमारतीत ती १० मिमी. आढळली (ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉलफ्थॅलीन टाकल्यास क्षारधर्मी भाग गुलाबी होतो, बाधित भाग रंगहीन राहतो). तर ती २० मिमी. होण्यास ४० वर्षे लागतील, १५ मिमी. होण्यास मात्र अवघी साडेबावीस. म्हणजे सळईखाली कव्हर ब्लॉक नीट न ठेवल्याने गेलेले ५ मिमी. साडेसतरा वर्षे घेऊन जातात. आयएस ४५६ : २००० या मानकाने मध्यम पर्यावरणासाठी ३० मिमी. व तीव्र पर्यावरणासाठी ४५ मिमी. आच्छादन सांगितले आहे.

किनाऱ्यावर क्लोराइडे हेच काम अधिक घातक रीतीने करतात. ती पापुद्र्यास ठिकठिकाणी भोके पाडतात. १९७० मध्ये खुला झालेला पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, त्यात पूर्वप्रतिबलित काँक्रीटमधील पोलादाच्या गंजाचा मोठा वाटा होता.

मिश्रणाच्या प्रमाणांवरून सामर्थ्य वर्तविण्यासाठी आय-चेंग ये यांनी १९९८ मध्ये कृत्रिम चेताजाल वापरले. पुढे अशी प्रतिरूपे टिकाऊपणासाठीही योजिली गेली. मात्र प्रयोगशाळेतील नमुने मापून ओतलेले व पुरते भिजविलेले असतात, तर एकाच स्लॅबमध्ये आच्छादन जागोजागी बदलते. म्हणून उत्तर एका वर्षात न देता संभाव्यतेच्या रूपात देतात आणि जागेवरील मोजमापांनी ते वेळोवेळी सुधारून घेतात.