ताडी फसफसते तेव्हा

वसई-विरारच्या किनारपट्टीत ताडाच्या शेंड्याला बांधलेल्या मडक्यात रात्रभर थेंबाथेंबाने रस गळत असतो. पहाटे उतरवला तर ती नीरा, गोड आणि थंडगार. मडक्याला आतून चुना लावलेला नसेल तर ऊन चढेपर्यंत तिला फेस येतो आणि तिची ताडी होते. तो फेस म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म जिवांचा उच्छ्वास आहे!

नीरेत 10 टक्क्यांच्या वर साखर असते. यीस्ट तिच्यावर तुटून पडतं. ग्लुकोजचा एक रेणू फोडून त्याला एटीपीचे निव्वळ 2 रेणू मिळतात. पेशीची जवळपास सगळी कामं या एटीपीच्याच बळावर चालतात. बाकीच्याचं यीस्ट मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. ग्लुकोजमधली 90 टक्क्यांहून जास्त ऊर्जा मद्यार्कात तशीच राहते. मद्यार्क पेट घेतो तो त्यामुळेच.

तीच साखर आपल्या पोटात गेली, तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे सुमारे 30 एटीपी तयार होतात. फरक पडतो ऑक्सिजनमुळे. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये साखरेतून काढलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे असे उतरत जातात, आणि शेवटी ऑक्सिजन त्यांना घेऊन पाणी होतो. आपण श्वास घेतो तो एवढ्यासाठी. उतरताना सुटणारी ऊर्जा प्रोटॉनना पातळ पटलापलीकडे ढकलते. वसईच्या खाडीत भरतीचं पाणी बांधाआड अडून राहावं तसे ते तिथे साठतात. परतीची वाट एका प्रथिनातून जाते, आणि हे प्रथिन खरोखर गरगर फिरतं, सेकंदाला शंभराहून जास्त वेळा! प्रत्येक फेरीत 3 एटीपी. पीटर मिचेल यांनी 1961मध्ये प्रोटॉनच्या साठ्याची ही कल्पना मांडली तेव्हा फारच थोड्यांचा विश्वास बसला. 1978मध्ये तिला नोबेल मिळालं. दिवसभरात आपण जेवढं एटीपी घडवतो आणि मोडतो, त्याचं वजन जवळजवळ आपल्या वजनाइतकं भरतं.

इलेक्ट्रॉन पुढे सरकवणाऱ्या या साखळीतला एक दुवा आपल्याकडच्या एका बाईंमुळे वनस्पतींमध्ये उजेडात आला, आणि ही गोष्ट मराठी घरांत फारशी सांगितली जात नाही याची मला खंत वाटते. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण कमला सोहोनी. मुलगी म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, तेव्हा त्या अडून बसल्या आणि प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. 1939मध्ये डॉक्टरेट मिळाली. मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचाही अभ्यास केला आणि त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळवला.

सायटोक्रोम सी ताडाच्या पेशीत आहे, यीस्टमध्ये आहे, आपल्यातही आहे. माणसाच्या या प्रथिनात 104 अमिनो आम्लं असतात. चिंपांझीच्या प्रथिनाशी त्याची तुलना केली तर एकाचाही फरक निघत नाही. रिसस माकडाशी एकाचा, आणि यीस्टशी चाळीसेकांचा.