नैवेद्याची वाटी सर्वांसाठी

घटस्थापनेपासून विजयादशमीपर्यंत घरोघरी नैवेद्याचे ताट सजते. पंगतीत मात्र मधुमेह असलेल्या आजीबाईंच्या पानावरून गोडाचे पातेले तसेच पुढे जाते. देवीचा प्रसाद घरातील वडीलधाऱ्यांनाच अंतरावा, ही गोष्ट गृहिणीच्या मनाला लागून राहते. अशा वेळी शरद ऋतूतील पेरू व डाळिंब साहाय्यास येतात.

पेरूचे श्रीखंड

अर्धा लिटर दुधाचे ताजे, आंबट नसलेले दही फडक्यात तीन तास टांगून चक्का करावा. दोन पिकलेल्या पेरूंच्या फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवून चाळणीवर घासाव्यात, म्हणजे बिया वर राहतात. गर पूर्ण निवल्यावरच चक्क्यात फेटावा; ऊन गराने चक्का पातळ होतो. वेलदोड्याची पूड व चिमूटभर सैंधव घालून वर डाळिंबाचे दाणे पेरावेत. साखर मुळीच नको. उपवासासही हे चालते. दूध वर्ज्य असलेल्यांनी चक्क्याऐवजी नारळाचे घट्ट दूध घ्यावे.

एक मात्र ध्यानी असावे. साखरेऐवजी गूळ वा मध घातल्याने पथ्य सांभाळले असे होत नाही. रक्तातील साखर त्यांनीही वाढते. फळातही साखर असतेच, म्हणून अर्धी वाटी पुरे. सीताफळ तर अधिकच बेताने. औषध वा इन्शुलिन चालू असता डॉक्टरांना विचारल्यावाचून निराहार उपवास करू नये. साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

यंदा प्रसादाची पहिली वाटी आजीबाईंच्याच पानात वाढावी.