सूत कोणी कातले?

इंग्रजी शिकणाऱ्या कामगारांच्या मुलांना आम्ही दोन प्रक्रिया समजावून देतो.

पहिली पावसाची. उन्हाने समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती वर जाऊन थंडावते, तिचे ढग बनतात आणि पाऊस पडतो. इंग्रजीतही येथे क्रियापद सरळ चालते : 'वॉटर इव्हॅपोरेट्स', 'रेन फॉल्स'. करणारा माणूस येथे नाहीच.

दुसरी सुताची. गिरणीत गाठी फोडतात, कापूस साफ करतात, पिंजतात, पेळू ओढून बारीक करतात आणि सूत काततात. मराठीत नुसते 'काततात' म्हटले, तरी कातणारी माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. इंग्रजी पुस्तक मात्र बहुधा कर्मणी प्रयोग करते : 'यार्न इज स्पन'. सूत कातले जाते. कातणारा वाक्याबाहेर राहतो.

हा प्रयोग चुकीचा नव्हे. कामाचा क्रम सांगायला तो सोयीचा आहे. परीक्षेत तोच लिहावा. पण लिहून झाल्यावर मुलाने 'बाय हूम?', म्हणजे 'कोणाकडून?', असे विचारावे. पावसाच्या वाक्याला हा प्रश्न लागू पडत नाही. सुताच्या वाक्याला पडतो. तो विचारायचा राहिला, तर बापाने कातलेले सूतही मुलाला पावसासारखे आपोआप आलेले वाटेल.