काळ्या ठिपक्याखालचं क्योटो

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत टीव्हीखाली प्लॅस्टिकची एक हलकी पेटी असायची. तिच्यावर मीडिया, लिटल मास्टर असं काहीबाही नाव छापलेलं असे, पण घरात तिला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. दोन रिमोट, एक बंदूक, एक अॅडॉप्टर आणि पिवळी कॅसेट एवढंच तिचं सामान. वार्षिक परीक्षा संपली की ती कपाटाबाहेर निघे आणि शाळा सुरू झाली की परत आत जाई. पुढे घरात संगणक आला, मोबाइल आला, आणि पेटी माळ्यावर गेली ती गेलीच.

आमच्या माळ्यावरून ती इतक्या वर्षांनी खाली काढली तेव्हा आधी जाणवलं ते तिचं वजन. आत काही आहे की नाही, अशी शंका यावी इतकी हलकी. खालचे स्क्रू काढले आणि शंका बरीचशी खरी निघाली. आत तळहाताएवढा सर्किट बोर्ड, कॅसेट खोचायची साठ पिनांची खाच, धातूच्या पट्टीवर बसवलेला ७८०५ क्रमांकाचा रेग्युलेटर आणि मधोमध डांबराचा थेंब पडून वाळावा तसा एक काळा ठिपका. हिशोब करणारा प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, आवाजाची यंत्रणा, सगळं त्या ठिपक्याखालच्या एका तुकड्यात. लहानपणी आम्ही जे काही खेळलो ते तिथून येत होतं. आणि त्या तुकड्यावर कोरलेला आराखडा मुळात जपानमधल्या क्योटो शहरातला.

निन्टेंडो ही क्योटोची १८८९ सालची कंपनी, मूळची हानाफुदा नावाच्या जपानी पत्त्यांची. १९८१ साली तिचा ‘डाँकी काँग’ हा आर्केड खेळ गाजला. तो खेळ घरच्या टीव्हीवर खेळता यावा आणि मध्यमवर्गीय घराला परवडावा, असं यंत्र करायचं काम अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी मासायुकी उएमुरा या इंजिनिअरवर सोपवलं. ते काम १५ जुलै १९८३ रोजी फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजेच फॅमिकॉम, या नावाने बाजारात आलं. किंमत १४,८०० येन. पहिल्या पेट्यांवरची बटणं चौकोनी, रबराची होती. ती नंतर गोल आणि प्लॅस्टिकची झाली. डाव्या अंगठ्याखालची अधिक चिन्हासारखी कळ गुनपेई योकोई यांची. ती त्यांनी आदल्या वर्षी हातात धरून खेळायच्या एका छोट्या खेळासाठी बसवली होती. आज जगातल्या बहुतेक सगळ्या गेमपॅडवर तिचीच भावंडं दिसतात.

उएमुरांची खरी कसोटी किमतीत होती. महाग चिप घ्यायची नाही आणि खेळ तर आर्केडसारखा दिसला पाहिजे. त्यांनी रिको कंपनीकडून ६५०२ या त्या काळच्या स्वस्त प्रोसेसरवर बेतलेली चिप करून घेतली. वेग सेकंदाला सुमारे अठरा लाख ठोके. चालू कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट, म्हणजे २,०४८ बाइट. तुम्ही वाचताय तो हा लेख देवनागरीत साठवायला त्याच्या कितीतरी पट जागा लागते.

एवढ्याशा जागेत पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लक्षात ठेवणं अशक्यच. म्हणून चित्र काढायचं काम दुसऱ्या चिपवर टाकलं आणि चित्र चौकटींत तोडलं. आठ बाय आठ ठिपक्यांची एक चौकट, अशा चौकटी ओळीत बत्तीस आणि ओळी तीस. मागचं सगळं दृश्य हे अशा ९६० चौकटींचं कोडं. प्रत्येक घरात कुठली चौकट बसवायची, एवढंच यंत्राने लक्षात ठेवायचं. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या हिशोबाने पाहिला की थक्क व्हायला होतं. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग पांढऱ्याचा हिरवा केलाय. लहानपणी शेकडो वेळा दोन्हींच्या शेजारून पळालो, पण लक्षात आलं नाही. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची ही काटकसर आपल्याला ढग आणि झुडूप म्हणूनच पटली, हे त्यांचं मोठेपण.

मारिओ, शत्रू, गोळ्या अशा हलत्या वस्तूंचा हिशोब निराळा. त्यांच्या चौकटी एकूण चौसष्ट, आणि पडद्याच्या एका आडव्या रेघेवर जास्तीत जास्त आठ. नववी आली की चिप ती काढतच नाही. ‘काँट्रा’ या खेळात गोळ्यांचा पाऊस पडला की आकृत्या लुकलुकायच्या, आठवतं? आम्ही त्याचं खापर वायरवर फोडायचो, पण तो बिघाड नव्हता. एकच शत्रू कायमचा गायब होऊ नये म्हणून प्रोग्रॅमर दर चित्राला क्रम बदलत; या वेळी हा वगळला तर पुढच्या वेळी तो. सगळ्यांना आळीपाळीने जागा मिळावी म्हणून ती लुकलुक होती.

फॅमिकॉम आपल्याकडे आला तो आडवाटेने. अमेरिकेसाठी केलेल्या आवृत्तीत निन्टेंडोने परवानगी नसलेल्या कॅसेट अडवणारी कुलपाची चिप घातली होती. जपानी फॅमिकॉममध्ये तसं कुलूप नव्हतं. त्यामुळे तैवानमधल्या कारखान्यांना नक्कल करणं सोपं गेलं. यूएमसी या तैवानी कंपनीने प्रोसेसर आणि चित्र काढणारी अशा दोन्ही चिपांच्या नकला तयार केल्या. पुढे सगळं एकाच चिपवर आणून त्यावर काळा राळेचा थेंब टाकायची पद्धत आली आणि पेटी आणखी स्वस्त झाली. याच नकला रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ या नावाने घरोघरी पोचल्या, चीनमध्ये ‘सुबोर’ नावाने विकल्या गेल्या आणि भारतात वेगवेगळ्या नावांनी आल्या.

नकलेतला एक बदल मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. जपानचा टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र बदलायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नास वेळा. फॅमिकॉमचे खेळ या ठोक्यावरच चालतात. एका ठोक्याला मारिओ किती सरकेल, उडी किती चढेल, पुढचा स्वर कधी वाजेल, सगळं त्यावर ठरतं. पाल टीव्हीसाठी केलेल्या नकलेत ठोके पन्नास झाले, म्हणून खेळ एक षष्ठांशाने संथ झाला. प्रोसेसरचा वेग मात्र जवळजवळ मूळचाच ठेवलेला, त्यामुळे स्वराची पट्टी उतरली नाही. संगीतवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सूर तोच राहिला, लय विलंबित झाली. त्यातल्या बऱ्याच नकली चिपांत आवाजाच्या लहरींच्या दोन आकारांची, २५ टक्के आणि ५० टक्क्यांची, अदलाबदलही झाली होती, त्यामुळे वाद्याचा पोतच वेगळा लागतो.

आज कुणी मूळ जपानी वेगाने मारिओ लावला की पन्नास ठोक्यांवर वाढलेला माणूस गोंधळतो. गाणं घाईत वाजतंय असं वाटतं, आणि उडीचा अंदाज चुकून हमखास पाय खड्ड्यात जातो. आमचा मारिओ हवेत जरा जास्त वेळ राहायचा. तो कमअस्सल होता असं मी म्हणणार नाही. डोंबिवली, सोलापूर, चिपळूणच्या मुलांच्या बोटांना जी लय बसली ती हीच, आणि ती जपायची तर आपली नक्कलच जपावी लागेल. क्योटोच्या अस्सल यंत्रात ती सापडणार नाही.

खेळांपैकी एकच निवडायचा तर मी टँकचा घेईन. नामकोचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’. खाली विटांच्या आडोशाला गरुडाचं चिन्ह, वरून येणारे शत्रूचे वीस रणगाडे, आणि त्यांना अडवायला एक पिवळा, एक हिरवा. दोघांनी मिळून खेळायचा खेळ, पण चुकून भावाला गोळी लागली की तो काही क्षण जागच्या जागी खिळायचा. मग ‘तू मुद्दाम मारलीस’, ‘तूच मधे आलास’, आणि तेवढ्यात गरुड उडालेला असे. फावडं मिळालं की विटांच्या जागी लोखंडी भिंत यायची, तेवढ्यापुरता समेट.

या खेळात कन्स्ट्रक्शन नावाचा एक पर्याय होता. विटा, लोखंड, पाणी, झाडी आणि बर्फ हवं तसं मांडून आपला नकाशा आपणच तयार करायचा. आम्ही त्यात तासन्‌तास घालवले. पण यंत्राकडे तो नकाशा कायमचा ठेवायला जागाच नव्हती. दुपारी लाइट गेली की नकाशा गेला. आली की पुन्हा पहिल्या विटेपासून सुरुवात. भारनियमनाच्या वेळा पाहून नकाशा मांडायला बसणारी मुलं होती. इतक्या चांगल्या नकाशांपैकी एकही आज कुठे शिल्लक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं वाईट वाटतं ते नावांचं. ‘९९९९ इन १’ म्हणून विकलेल्या कॅसेटमध्ये असायचे काही मोजके खेळ. तेच पुन्हा पुन्हा, कधी तिसऱ्या पातळीपासून, कधी भलत्याच नावाने. जागा वाचवायला आणि खुणा पुसायला बऱ्याच खेळांवरून कंपनीचं नाव आणि साल काढून टाकलेलं असे. मारिओची धून कोजी कोंडो यांची, हे ती तोंडपाठ असलेल्या आमच्या पिढीला कळलंच नाही. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली, खेळाच्या संगीतातली पहिलीच. वर वर खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी आणि ए, ही ‘काँट्रा’त तीस लाइफ देणारी खूण काझुहिसा हाशिमोतो यांची. मुळात ती त्यांनी ‘ग्रॅडियस’ या खेळासाठी केली, तपासताना तो त्यांना स्वतःलाच पार करता येईना म्हणून. आणि उएमुरा? निन्टेंडोतून निवृत्त झाल्यावर ते क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात खेळांचा अभ्यास शिकवत होते. डिसेंबर २०२१ मध्ये ते गेले. ही नावं आता तरी मराठीत नीट लिहिली जावीत.

पेटी पुन्हा चालू करणं अवघड नाही. आधी अॅडॉप्टर तपासायचा. त्याचे व्होल्ट आणि पिनेची दिशा पेटीगणिक बदलते. वाटेल तो लावला तर काळा ठिपका जळू शकतो आणि तो दुरुस्त होत नाही. ७८०५ आतल्या भागांना पाच व्होल्ट पुरवतो. तो बिघडला तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात किरकोळ किमतीत मिळतो. कॅसेटच्या पट्ट्या खोडरबराने हलक्या घासाव्यात, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. फुंकर मारू नये. फुंकरीने खेळ चालू व्हायचा असं वाटे, पण चालू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने; तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्यांवर गंजच चढतो.

एवढं केलं की मारिओ नव्या सपाट टीव्हीवरही पळतो. बंदुकीच्या खेळातली बदकं मात्र मरत नाहीत. बंदुकीत गोळी नसतेच, असतो प्रकाश ओळखणारा डोळा. (उएमुरा तरुणपणी शार्पमध्ये असताना प्रकाशविद्युत घटच विकत, निन्टेंडोशी त्यांची ओळख झाली ती त्यातूनच.) घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. त्याच क्षणी बंदुकीला उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही तो चौकोन त्या क्षणीच दाखवायचा. सपाट टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीने पाहणं थांबवलेलं असतं. म्हणजे पेटी, कॅसेट, बंदूक सगळं धडधाकट असूनही अर्धा खेळ आता त्या जुन्या टीव्हीवरच अडलाय. ज्यांच्याकडे तो अजून लागतो त्यांनी भंगारवाल्याला देऊ नये. घरात जागा नसेल तर निदान शेजारीपाजारी विचारावं, कुणीतरी आनंदाने घेऊन जाईल.