वानझेचा बंगला आणि सरकारी फाइल

बर्लिनच्या वानझे तलावाकाठच्या एका बंगल्यात 20 जानेवारी 1942 रोजी 15 बडे नाझी अधिकारी जमले. युरोपभरच्या ज्यूंच्या संहारात कोणत्या खात्याने काय करायचे, एवढाच विषय होता. तास-दीड तासात बैठक आटोपली. उपस्थितांपैकी निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले होते, म्हणजे अडाणी गुंड नव्हेत. इतिवृत्ताची एकच प्रत, क्रमांक 16, युद्धानंतर सापडली. तीत देशवार ज्यूंची संख्या मांडली आहे आणि एस्टोनियापुढे आकड्याऐवजी ‘ज्यूमुक्त’ असा शेरा आहे.

आउश्वित्झ छळछावणीतून वाचलेले इतिहासकार योझेफ वुल्फ यांनी 1960च्या दशकात या बंगल्यात संशोधन केंद्र व्हावे म्हणून जिवाचे रान केले. प्रशासनाने दाद दिली नाही. तिथे शाळकरी मुलांचे वसतिगृह चालू होते, ते तसेच राहिले. 1974 साली वुल्फ यांनी आयुष्य संपवले. स्मारक उघडले ते थेट 1992 मध्ये. आज तिथल्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे, पण फार उशिरा.

या स्मारकात शाळकरी मुलांबरोबर सरकारी नोकर आणि पोलीसही अभ्यासवर्गाला येतात. ज्यूद्वेष वाईट, एवढे सांगून त्यांची बोळवण होत नाही. आपापल्या खात्याचे जुने कागद त्यांच्यापुढे ठेवले जातात. त्यांतून दिसते की हद्दपार होणाऱ्या ज्यू माणसाकडून घरातल्या चीजवस्तूंची यादी भरून घेतली जाई. मग करखाते तेच सामान लिलावात काढी. सही, शिक्का, जावक क्रमांक सगळे जागच्या जागी.