भाग : शोला जो भडके आणि ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट

आज आधी एक दुरुस्ती करतो. मागच्या भागात 'अलबेला'बद्दल बोलताना मी सगळं श्रेय सी. रामचंद्रांना देऊन मोकळा झालो. एका श्रोत्याने विचारलं, "आणि ते ट्रम्पेट?" बरोबर आहे. ते राहूनच गेलं.

आमच्या खाप्यात वरातीचा बँड यायचा तेव्हा मी लहानपणी ट्रम्पेटवाल्याच्या शेजारून चालायचो, कान बधिर होईपर्यंत. तिथे चारही ट्रम्पेट एकच चाल वाजवतात. कारण सगळं कानाने शिकलेलं. बिग बँडची गंमत वेगळी. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन असे गट असतात, प्रत्येकाला वेगळा सूर लिहून दिलेला असतो आणि खाली पियानो, बास, ड्रम ताल धरून असतात. म्हणजे कुणीतरी आधी कागदावर लिहावं लागतं.

हे लिहिणं-वाचणं यायचं गोव्याच्या पोरांना. तिथे गावच्या चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, त्यातलाच. मुंबईत तो चिक चॉकलेट झाला. लुई आर्मस्ट्राँग त्याचं दैवत. वाजवायची आणि गायची ढब त्याच्याचसारखी, म्हणून लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. कुलाब्याच्या ताज हॉटेलात त्याचा बँड वाजायचा. १९३० च्या दशकात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड असे अमेरिकन कृष्णवर्णीय कलावंत तिथे वाजवून गेले होते. गोव्याच्या वादकांनी जॅझ त्यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकून उचलला.

आता आपले अण्णा, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. पुणतांब्याचा जन्म, गाण्याचं थोडं शिक्षण आपल्या नागपुरातही झालेलं. चाल त्यांना पटकन सुचायची. पण त्या चालीला स्विंगचा झटका देऊन दहा-पंधरा वाद्यांत वाटून द्यायचं, तर ते काम जाणणारा माणूस हवा. चिक त्यांचा सहायक झाला. 'अलबेला' आला १९५१ मध्ये. चाल मराठी माणसाची, नाच भगवानदादांचा, पितळी वाद्यांचा दणका गोव्याचा!

मुंबईत दारूबंदी कडक झाली तसं क्लबातलं काम आटलं आणि अनेक वादक सिनेमाच्या स्टुडिओत आले. पोट चाललं, पण पोस्टरवर नाव संगीतकाराचंच. चिकने स्वतंत्र संगीतही दिलं, ते फारसं चाललं नाही. पुढे तो मदनमोहन यांच्याकडे सहायक होता. १९६७ मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो गेला.

यात अण्णांना कमी लेखायचं नाही हं. चाल नसती तर चिकने वाजवलं काय असतं? पण आपण गाण्याचा हक्क एकाच्याच नावावर लिहितो, आणि मीही मागच्या भागात तेच केलं.

तर हा भाग संपला की 'शोला जो भडके' पडद्यावर लावा. भगवानदादा आणि गीता बालीवरून नजर हटत नाही, मान्य. तरी मागे बघा. झालरीचे शर्ट घातलेला बँड दिसेल. त्यात ट्रम्पेट घेऊन उभा आहे, तो चिक.